सत्तुराची पाठ

हाड काही फुटेना.

ताईने नळी ओट्यावरच्या फळीवर आडवी धरली आणि भाजीच्या सुरीचा दणका मारला. सुरी टणकन उडाली, नळी घरंगळत खाली गेली आणि ताईचा अंगठा तेवढा सोलवटला. तिने अंगठा तोंडात घातला आणि हाडाला एक सणसणीत शिवी हासडली. शिवी हाडालाच होती की हाड पाठवणाऱ्याला, हे विचारायची गरज नव्हती.

पाठवणारा तिचा नवरा. मटणबाजारात त्याचा गाळा होता आणि सगळा बाजार त्याला उस्ताद म्हणत असे. तो पुरा बोकड असा सोडवून ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं, जनावर आधीपासून तुकड्यातुकड्यांचंच होतं. बायकोच्या खानावळीला मटण रोज त्याच्याच गाळ्यावरून यायचं, कापून, तोडून, नळ्या फोडून. आज मात्र तंगड्या अख्ख्याच्या अख्ख्या आल्या होत्या. सोबत निरोपबिरोप काही नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न आलेला निरोपही वाचता येतो. तुझ्या भावाला जेवू घालायचंय ना, मग तूच तोड, असा तो निरोप होता.

खानावळ दोन बाजारांच्या मधोमध होती. एका अंगाला कत्तलखाना आणि मटणाचे गाळे, दुसऱ्या अंगाला फळबाजार. सकाळी एका बाजूच्या गटारातून लाल पाणी वाहायचं, दुसऱ्या बाजूने सडक्या फळांचा आंबूस वास यायचा, आणि दोन्हीकडची माणसं भूक लागली की ताईकडे यायची. त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. खाटीक म्हणायचे, झाडावर चढून फळं तोडणं हे माकडाचं काम. फळवाले म्हणायचे, बांधलेल्या जनावराला मारायला कसली आलीय मर्दुमकी. मग कोणीतरी कोणाच्या तरी ताटात थुंकायचं आणि बाकं उडायची. गेल्याच आठवड्यात फळांच्या खोक्याची फळी एकाच्या जबड्यावर बसली होती आणि ताईला दोन दात केरात सापडले होते. तिने ते केराबरोबरच टाकून दिले.

पानं गळायला लागली की मात्र ताई एक रस्सा करायची, आणि त्या रश्शापुढे दोन्ही टोळ्या गप्प व्हायच्या. खाटकांकडून तंगडीचं चिवट मटण, फळवाल्यांकडून मुका मार लागलेल्या नासपती, आंबट सफरचंदं आणि सुकवलेले आलुबुखार. नासपती गोड लागतेय असं वाटेतो मिरी जिभेला चावायची, आणि चरबीचा घट्टपणा आलुबुखार कापून काढायचा. मटणात फळं घालणारी बाई वेडी, असं पहिल्या वर्षी सगळे म्हणाले होते. पातेल्याचा तळ पावाने पुसतानाच म्हणाले होते.

तिला ताई म्हणायचे ते तिच्या भावामुळे. बारक्या तिला ताई म्हणे, म्हणून अख्खा बाजार ताई म्हणे. नवरा तिला "ए" म्हणे.

बारक्या फळं तोडणाऱ्यांच्या टोळीत होता. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालत होता. ताईनेच त्याला वाढवलं, न्हाऊ घातलं, झोडपलं आणि परत जवळ घेतलं. शिडीवर चढला की त्याचा उजवा हात पानांत शिरायचा आणि फळाला ओरखडाही न उठता ते खाली यायचं. तो उजवा हात आता नव्हता. म्हणजे हात होता, पण त्याची तीन बोटं काठीसारखी ताठ होती.

उन्हाळ्यात हे झालं. खानावळ भरलेली होती. कोणीतरी मटण वातड आहे म्हणून ताट परत पाठवलं, आणि मटणाला नाव ठेवलं म्हणजे उस्तादला ठेवलं. त्याने सगळ्यांदेखत ताईच्या कानाखाली आवाज काढला, कारण वातड शिजवलं तिने. ती भिंतीवर आपटली. घरात हे नित्याचंच होतं, चारचौघांत पहिल्यांदा झालं. बाकीचे ताटात बघत राहिले. नवरा-बायकोच्या मधे कोण पडणार, असं पुटपुटलेही दोघेचौघे. बारक्या तेवढा उठला आणि टेबलावर हात टेकून म्हणाला, "दाजी, परत हात लावून बघा." उस्तादच्या कमरेला सत्तूर होता. त्याने पात्याने नाही मारलं. पाठीने मारलं, टेबलावर टेकलेल्या त्या हातावर, आणि परत जेवायला बसला.

त्या दिवशी ताईने नवऱ्याच्या हातातून तो सत्तूर काढून घेतला. त्यानेही दिला, कसा कोण जाणे. तिने दाराबाहेर फळांचं एक लाकडी खोकं ठेवलं, सत्तूर त्यात टाकला आणि सांगितलं की यापुढे पातं उंबऱ्याच्या आत येणार नाही. सुरा, सत्तूर, फांद्या छाटायची कात्री, जे असेल ते खोक्यात टाकायचं आणि मग जेवायचं. न पटणाऱ्याने उपाशी राहावं. सगळ्यांनी ऐकलं. उस्तादने गाळ्यासाठी नवा सत्तूर घेतला. जुना मागणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून तो खोक्याच्या तळाशी तसाच पडून राहिला.

आणि बारक्याने हाताला पट्टी बांधून घेता घेता ताईला सांगितलं होतं, "बाग रिकामी होईपर्यंत मी गप्प बसतो. टोळीच्या मुकादमाला शब्द दिलाय. पुढचं मला विचारू नकोस."

बाग काल रिकामी झाली. फळवाल्यांचा ट्रक टोळीला घेऊन आज दुपारी निघणार होता. तेव्हा उरलं होतं फक्त हे दुपारचं जेवण. ताईने दोघांनाही एका टेबलावर बसायला लावलं होतं, एका पातेल्यातलं खायला. भावाला गळ घातली, नवऱ्याला हातापाया पडून सांगितलं. एवढं पार पडलं की ट्रक निघून जाईल आणि एक वर्ष मिळेल. नवरा मेला तर आपण रडू की नाही, हे तिला खरंच माहीत नव्हतं. पण बारक्याने काही केलं आणि तो आत गेला, तर ती उभ्याने मेली असती.

म्हणून रस्सा व्हायलाच हवा होता, आणि रश्शासाठी नळ्या फुटायला हव्या होत्या. बाहेरच्या खोक्यात सकाळी दुसरं काही नव्हतं. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि तळातला सत्तूर उचलून आत आणला. तिचाच नियम, तीच मोडत होती. आपल्याला कोण विचारणार, असं तिला वाटलं. नियम करणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं.

सत्तुराला थोडा गंज धरला होता, पण वजन तेच. पहिल्या घावाला नळी फुटली. दुसऱ्याला आतली मज्जा बाहेर आली. ताईने मग थांबून श्वाससुद्धा घेतला नाही. घाव घालत गेली, हाडाचे कपचे भिंतीवर उडाले, एक गालाला लागला. तंगड्यांचे तुकडे झाले तरी तिचा हात आणखी दोनदा रिकाम्या फळीवर पडला. तेवढ्यात चुलीवरचा कांदा करपल्याचा वास आला, आणि ती सत्तूर तिथेच टाकून पातेल्याकडे धावली.

करपलेला कांदा तिने काढून टाकला, नवा घातला. चरबी सुटली तसे मटणाचे तुकडे सोडले आणि चारी बाजूंनी लाल होईपर्यंत परतले. दालचिनीचा तुकडा, ठेचलेली मिरी, पाणी. मंद आचेवर झाकण घालून ते मऊ होईतो ठेवलं. फळं शेवटी घालायची, आलुबुखार आधी आणि नासपती अगदी सरतेशेवटी. घाई केली की त्यांचा लगदा होतो आणि मग मटण गिळगिळीत गोडात बुडतं. सकाळभर तिला दुसरं काही सुचलं नाही. पातेल्याशी उभं राहिलं की तिचं मन थाऱ्यावर यायचं, आजही आलं. मीठ बघताना तर तिला वाटलं, होईल, सगळं नीट होईल.

दुपारी माणसं आली. खोक्यात सुऱ्यांचा खणखणाट झाला. खाटीक भिंतीकडच्या बाकांवर बसले, फळवाले दाराकडच्या. मधल्या टेबलावर उस्ताद बसला, आणि त्याच्यासमोर बारक्या. त्या टेबलाला वळसा घालूनच दाराकडे जाता यायचं, म्हणजे तमाशा सगळ्यांच्या वाटेतच मांडलेला होता.

ताईने आधी नवऱ्याला वाढलं, मग भावाला.

"मटण कोणी तोडलं?" उस्तादने तुकडा बोटांत धरून फिरवला. "शेजाऱ्याचं कुंपण तोडल्यासारखं तोडलंय."

"मी तोडलं," ताई म्हणाली. "जेवा तुम्ही."

बारक्या डाव्या हाताने जेवत होता. पावाचा घास जमत होता, पण हाडावरचं मटण सुटेना. चमचा घसरला आणि तुकडा टेबलावर पडला. खाटकांच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

"अरे अरे," उस्ताद म्हणाला. "थांब मेव्हण्या, मी भरवतो. आ कर." त्याने स्वतःच्या बोटांनी मटण सोडवलं आणि बारक्याच्या तोंडाशी नेलं. "लाजू नकोस. तुझ्या बहिणीनंच भरवलंय आजवर. आता मी भरवतो."

"दाजी, हात मागे घ्या," बारक्या म्हणाला.

"नाही घेतला तर? बोट मोडशील?"

फळवाल्यांच्या बाकावर दोघं उठले. मुकादमाने त्यांना खाली ओढलं. ताई पातेलं घेऊन मधे आली, ते टेबलाच्या कडेला टेकवलं, "आणखी वाढते" म्हणाली आणि पळी पुढे केली. उस्तादने तिचं मनगट धरलं. "तुला कोणी बोलावलंय, ए?" त्याने मनगट पिरगळलं, आणि पळीतला कढत रस्सा ताईच्या कोपरापर्यंत ओघळला. ती ओरडली नाही. ओरडायची सवय केव्हाच गेली होती.

बारक्या उठला. "पाणी घेऊन येतो," एवढंच म्हणाला आणि आत स्वयंपाकघरात गेला.

तेव्हा ताईला ओट्यावरचा सत्तूर आठवला.

बारक्या बाहेर आला तो डाव्या हातात सत्तूर घेऊनच. पातं खाली लोंबत होतं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. चमच्यांचे आवाज थांबले. तो बाकांमधून चालत मधल्या टेबलापाशी आला.

उस्तादने त्याला बघितलं, हसला, आणि आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. "ये," तो म्हणाला. "घे. डाव्या हातानं गाजर तरी चिरता येतं का बघू."

बारक्या थांबला. त्या हाताकडे बघत राहिला.

ताईच्या हातून पळी पडली. तिने टेबलावर वाकून दोन्ही हातांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. उस्तादला वाटलं, बायको आपल्याला वाचवायला आली. बघणाऱ्या सगळ्यांनाच तसं वाटलं. "सोड गं," तो म्हणाला, "तुझा भाऊ काय करतोय बघू दे."

ताई म्हणाली, "बारक्या, पाठीनं."

लहानपणी त्याला बटण लावून घे म्हणायची, त्याच आवाजात म्हणाली. पात्याने मारलं तर हात जाईल, रक्त जाईल, कदाचित माणूसही. पाठीने मारलं तर फिट्टंफाट. इतकं सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात, हिशेब आधीपासून करून ठेवल्यासारखं, लख्ख होतं.

उस्तादचा चेहरा बदलला. त्याने हात ओढला. ताईने सोडला नाही. उभा जन्म पातेली उचलणाऱ्या बाईच्या हातात किती जोर असतो, हे त्याला तेव्हा कळलं. बारक्याने सत्तूर उलटा केला आणि मारला.

पहिला घाव नीट बसला नाही. डावा हात तो. त्याने दुसरा घातला. हाडं मोडल्याचं ताईला आपल्या तळहातांतून कळलं, कारण तिचे हात अजून त्या मनगटावरच होते.

उस्ताद ओरडला. जनावरंही ओरडतात, पण ती पुढे गप्प होतात. हा गप्प होईना. बाकावरचे सगळे उभे राहिले, दोन्हीकडचे. दाराबाहेर खोकं पात्यांनी भरलेलं होतं आणि दार सगळ्यांना दिसत होतं. पण कोणी हललं नाही. मारलं मेव्हण्याने असेल, धरलं बायकोने होतं. "नवरा-बायकोच्या मधे कोण पडणार," एक म्हातारा खाटीक हळूच म्हणाला आणि खाली बसला. मग गाळ्यावरचा गडी, लंबू, पुढे झाला आणि त्याने उस्तादला खांद्याला धरून दवाखान्यात नेलं.

बारक्या मागच्या अंगणात नळापाशी ओकत होता. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा हात भाजल्याने लाल झाला होता.

"चूळ भर," ती म्हणाली. "आणि मुकादमाला सांग, ट्रक आत्ताच काढा. दवाखान्यात विचारतील, पोलीस येतील. मी बघते इथलं. मीच मारलं म्हणून सांगते."

"ताई."

"बोलू नकोस. झालं ते बरंच झालं."

"ताई, मी मारणार नव्हतो."

ताईचा हात त्याच्या पाठीवर थांबला.

"ओट्यावर सत्तूर दिसला," बारक्या म्हणाला. तो नळाकडेच बघत होता. "आत पातं नको, असं तूच म्हणतेस ना? मला माझाच भरवसा नव्हता. म्हटलं, खोक्यात टाकून येतो आणि मग बसतो. बाहेर चाललो होतो मी."

"मग थांबलास कशाला तिथं?"

"त्यांनी हात पुढं केला म्हणून थांबलो. शिवी घातली असती आणि गेलो असतो. दार समोरच होतं."

"मग मारलंस का रे?"

बारक्याने तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघितलं. तो रागावलेला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "तुझं कधी मोडलंय का मी?"

इतके महिने ती भावाच्या सुडाला घाबरत होती. त्याला शपथा घालत होती, नियम करत होती, खोकी ठेवत होती. आणि सूड तिच्याच पोटात निवांत वाढत होता, आयता हात मिळायची वाट बघत. मिळाला तो तिने वाढवलेला हात, आणि तोही डावा, जो आजवर कोणावर उठला नव्हता.

"डबा देते," ती शेवटी म्हणाली. "रस्सा आहे अजून. वाटेत खा."

"नको."

"थोडासा तरी."

"नको ताई, जाणार नाही घशाखाली." त्याने ताठ बोटांचा हात खिशात घातला. "पुढच्या वर्षी मी दुसरीकडं जाईन कामाला. मुकादमाचा भाऊ डोंगरापलीकडं टोळी नेतो. तिकडंच बघतो."

"माझ्यावर रागावलास?"

"नाही गं," बारक्या म्हणाला. "पण तू बोलावलंस की मी येणार. आणि तू सांगशील ते करणार. त्याचीच भीती वाटते."

तो खाली वाकला. तिच्या पाया पडणार असं तिला वाटलं, पण तो बुटाची नाडी बांधत होता. एका हाताने त्याला वेळ लागला. ताईने बांधून द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. थोड्या वेळाने ट्रक गेला. ती दारापर्यंतही गेली नाही.

पोलीस आले नाहीत. दिवस कलताना लंबू सांगायला आला. डॉक्टरने विचारलं तेव्हा उस्ताद म्हणाला, नळ्या फोडताना माझाच मला लागला. सत्तुराची पाठ, तीही दोनदा, तीही स्वतःच्या उजव्या हातावर. "डॉक्टरसुद्धा हसला, ताई," लंबू म्हणाला. "उद्या सगळा बाजार हसेल." आणि हे सांगताना तो मात्र हसला नाही. बायकोने हात धरून ठेवला, हे म्हणण्यापेक्षा उस्तादला मूर्ख ठरणं परवडलं होतं. बारक्या सुटला. तिला हवं होतं ते सगळं, अगदी सगळं, झालं होतं.

दिवेलागणीला उस्ताद आला. कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. खानावळीत कोणी नव्हतं. आज कोणी येणारही नव्हतं. तो मधलं टेबल सोडून भिंतीकडच्या बाकावर बसला.

ताईने रस्सा गरम केला. नासपती परत उकळल्यामुळे फुटल्या होत्या, त्याला इलाज नव्हता. तिने एका ताटलीत मटण काढलं, बोटांनी हाडावरून सोडवलं, लहान तुकडे केले, पाव कुस्करून घातला आणि ताटली घेऊन बाहेर आली. त्याला असं बघून आपल्याला बरं वाटेल, अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं फक्त.

ती ताटली ठेवायला वाकली. उस्तादचा डावा हात टेबलावर होता. तिचा हात जवळ आला तसा त्याने तो झटकन ओढून टेबलाखाली, मांडीवर घेतला. आपण काय केलं हे त्याचं त्यालाही उशिरा कळलं. त्याने मान खाली घातली.

ताईला ते ओळखीचं होतं. या माणसाला वाढायला वाकताना इतकी वर्षं तिने आपला चेहरा असाच मागे घेतला होता.

तिने ताटली त्याच्यापुढे सरकवली, चमचा डावीकडे ठेवला. मग समोरचं बाक ओढून ती बसली, आणि पुन्हा उठून ते बाक आणखी मागे, भिंतीपर्यंत, नेलं. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून ती तिथे बसून राहिली. बऱ्याच वेळाने टेबलाखालून हात वर आला आणि त्याने चमचा उचलला.